पोचले : शंभर टक्के

मास्तर सकाळी सातला पिशवी खांद्याला लावून दारात उभे होते आणि आमची डायलिसिसची आठही मशिनं बंद होती.

"घंटीबाई, आज कुणीच दिसत नाही," ते म्हणाले. दोन बस बदलून आले होते. चेहरा सुजलेला, धाप लागलेली. शेवटचं डायलिसिस शनिवारचं, आज मंगळवार. म्हणजे तीन दिवसांचं पाणी अंगात.

पाणी शुद्ध करणारा प्लँट बिघडला होता आणि तसं नोटिफिकेशन मी काल संध्याकाळी सहालाच टाकलं होतं. ते आलं नाही का, असं मी विचारलं, जराशा चढ्या आवाजातच. मास्तरांनी खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला.

"तुमची घंटी आली नाही म्हणजे मशीन चालू, असंच मी धरून चालतो."



या केंद्राच्या काउंटरवर मी एकोणीस वर्षं बसते. पूर्वी केंद्र बंद असलं की एकेकाला फोन करता करता घसा बसायचा. मग आमच्या वेबसाइटवरून नोटिफिकेशन पाठवायची सोय झाली, निरोप आला की पेशंटच्या फोनवर घंटी वाजू लागली आणि मी घंटीबाई झाले. पेशंटना समोर खुर्चीत बसवून, त्यांच्या फोनवरचं परवानगीचं बटण मी स्वतः दाबलं होतं. असे दोनशे बारा फोन. मास्तरांनी तर कसली परवानगी, कुणाला आणि कशासाठी, हे तिन्ही प्रश्न विचारून झाल्यावरच फोन हातात दिला होता.

दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, मला बोलावलं. जुनी सेवा महाग पडते, दुसऱ्या दोन-तीन बघा आणि एका कागदावर तुलना करून द्या, म्हणाले. मला कोण हुरूप आला. तीन कंपन्यांचा तक्ता केला. निरोप किती सेकंदांत येतो, अक्षरं नीट उमटतात का, आधीच वेळ लावून ठेवता येते का. चाचणी घेतली माझ्याच फोनवर. माझा फोन नवा आणि वेबसाइट त्यावर दिवसभर उघडी, त्यामुळे तिघीही चांगल्या मार्कांनी पास झाल्या. मी फुकटची सुचवली. डॉक्टर म्हणाले, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कुणी एका पानात उत्तर दिलं." त्या वाक्यावर मी आठवडाभर हवेत होते.

तक्त्यात एक ओळ मात्र नव्हती. जुन्या सेवेकडचे फोन नव्या सेवेकडे आपोआप येत नाहीत. ज्याने त्याने एकदा वेबसाइट उघडली की मग त्याची नोंद होते. तिघींपैकी एक कंपनी जुनी यादी हलवून द्यायला तयार होती, पण तिचे पैसे पडत होते. हे मी वाचलं होतं. नव्या यादीत एकसष्टच फोन दिसले, तेव्हा मनाची समजूतही घातली, की येतील बाकीचे हळूहळू. पण मास्तर वेबसाइट कशाला उघडतील? ते घंटीची वाट बघणारे. काल निरोप पाठवल्यावर पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं, 'पोचले : शंभर टक्के'. एकसष्टपैकी एकसष्ट. मी पर्स उचलली आणि समाधानाने घरी गेले.

आजच्या पहिल्या पाळीतल्या इतरांना, वेबसाइट उघडून बघणाऱ्या त्यांच्या मुलांच्या फोनवर कळलं होतं. राहिले ते मास्तर.

मी दुसऱ्या केंद्रांना फोन लावले. तिसऱ्याकडे दुपारी एकची खुर्ची रिकामी होती. तोवर मास्तर बाकावर ताठ बसून राहिले, कारण मागे टेकलं की श्वास कोंडायचा. मी त्यांच्याजवळ जाऊन चूक माझी आहे म्हणून सांगितलं. सगळं सांगितलं, तक्त्यासकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि दम घेत म्हणाले, "पेपर तपासताना मागचं पान बघायचं राहतं कधीकधी."

एक वाजलाच नाही. साडेदहाला त्यांना बोलवेना. ॲम्ब्युलन्स आली, मोठ्या हॉस्पिटलात नेलं, तिथे नऊ दिवस होते.

त्या दिवशी मी जुनी यादी काढून उरलेल्या सगळ्यांना एकेक करून फोन केले. डॉक्टर म्हणाले, मनाला लावून घेऊ नका, मास्तरांची काही तक्रार नाही. ते जास्त लागलं.

मास्तर परत आले ते सुनेचा हात धरून, निम्मे झालेले. त्यांच्या फोनची नोंद करायला मी काउंटरबाहेर गेले. या वेळी त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही, फोन काढून दिला.

आता मशिनं चालू असली तरी मी रोज पहाटे तसा निरोप टाकते. मास्तरांच्या पाळीच्या दिवशी बरोबर सव्वासहाला माझा फोन वाजतो.

"मॅडम, मशिनं चालू आहेत ना?"

त्यांच्या आवाजामागे मला घंटी ऐकू येते, मीच सव्वासहाची वेळ लावून ठेवलेली.

"मास्तर, निरोप आला ना तुम्हाला?"

"आला हो. वाचतोय," ते म्हणतात, आणि माझ्या तोंडून हो ऐकेपर्यंत फोन धरून ठेवतात.