केसाएवढी रेघ

मित्रांनो, मी एक जुने पाते आहे, तुमच्या करंगळीच्या पेराएवढे. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला स्वतःलाच खात्री नाही. तरी ऐका.

आधी मी एका मोडक्या कानशीचा तुकडा होते. लेथवर लाकडाचे नक्षीचे कातकाम करणाऱ्या माझ्या मालकांच्या मेहुण्याने मला भंगाराच्या ढिगातून उचलून आणले.

"भावोजी, अस्सल पोलाद आहे," तो म्हणाला.

"तू आणलंयस म्हणजे तपासावंच लागणार. मागचा पाना मेणासारखा वाकला."

"त्या पान्यानं तुम्ही खिळे ठोकत होतात!"

मालकांनी मला फिरत्या दगडी चाकावर टेकवले. अस्सल पोलादाची फुटतात तशी ठिणग्यांची फुले फुटली. तरी त्यांचे समाधान होईना. वरून कडक आणि आतून मऊ असे खोटे लोखंडही असते म्हणे. त्यांनी मला अर्धे घासले आणि आतल्या ठिणग्याही पाहिल्या. त्या तशाच निघाल्या, पण तेव्हापासून माझ्या मनात शंका बसली. आपण आतून खरेच कडक आहोत का?

पुढे त्यांनी मला तापवून मऊ केले, घासून आकार दिला, पुन्हा लाल करून तेलात बुडवले. मग मंद आचेवर ठेवले. अंगावर वाळल्या गवताचा पिवळा रंग चढताच बाहेर काढले. याला पोलादाला पाणी देणे म्हणतात.

आमचे काम साध्या लेथसारखे नसते. लाकूड स्थिर राहते आणि पाते गरगर फिरते. एक पाकळी कोरली की लाकूड थोडे वळवायचे, मग दुसरी. नंतर काचपेपर मारता येत नाही, नाहीतर पाकळ्यांच्या कडा बोथट होतात. पात्यावर जे असेल ते लाकडावर उमटते. लपवायला जागाच नाही.

मला बनवले होते ताईंच्या डबीसाठी. ताई म्हणजे मालकांची थोरली बहीण. वडिलांनी कातलेल्या काळ्या डबीचे झाकण पडून दुभंगले होते. वडिलांचे पाते कधीच झिजून गेले होते, आणि त्यांच्या लाकडाचा एकच गोल तुकडा फळीवर उरला होता. ताई मुलाकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या. तुकडा बिघडला असता, तर डबी उघडीच गेली असती.

"आज झालं नाही तर तुझ्याच्यानं कधीच होणार नाही," असे म्हणून त्या स्टूल ओढून समोरच बसल्या.

मालकांनी आधी टाकाऊ लाकडावर मला चालवून पाहिले. पाकळी सुरेख उमटली, पण तिच्यात केसाएवढी रेघ होती. दुसऱ्या पाकळीत तीच रेघ, तिसरीतही तीच. मालकांनी भिंग खाली ठेवले आणि मेहुण्याकडे पाहिले.

"खरं सांग, या पात्यानं रंगाचा डबा उघडलास ना?"

"तुमची शपथ, हातही लावला नाही!"

"मग पोलादच हलकं आहे."

मी अंग चोरून बसले. बहुधा खरेच असावे, असे मला वाटले.

मालकांनी मला पुन्हा घासायला घेतले. आधी पितळी चकतीवर धार घासायची भरड पूड, मग लोखंडी चकतीवर बारीक पूड. पुन्हा चालवले, तर पुन्हा रेघ. ती सरकली होती, एवढेच. मेहुणा दाराकडे सरकू लागला.

"थांब रे," ताई त्याला म्हणाल्या आणि भावाकडे वळल्या. "मघापासून बघतेय. भरड पूड त्याच फडक्याला पुसतोस, आणि बारीकही त्यालाच?"

"मग?"

"मग काय! लहानपणी ज्या बाहीनं नाक पुसायचास, तिनंच पाटी पुसायचास. पाटीवर काय दिसायचं, आठवतंय का?"

मेहुणा फिस्सकन हसला. मालकांनी फडके उजेडात झटकले. भरड कण चमकत खाली पडले. तेच बारीक चकतीवर जाऊन माझ्या धारेला ओरखडत होते.

मालकांनी चकती धुतली, दोन फडकी फाडून दोन खिळ्यांना टांगली, आणि मला नव्याने उजळले. मग वडिलांचे लाकूड लेथवर चढले. पाकळी, वळण, पाकळी.

शेवटची पाकळी झाली आणि मला पुसून खणात ठेवले. बाहेरून ताईंचा आवाज आला, "आण ते भिंग." मग, "नाहीये रेघ." आणि झाकण बसल्याचा मऊ आवाज.

"आणखी कानशी दिसल्या तर आण रे," मालक म्हणाले.

"तपासणार ना?" मेहुण्याने विचारले.

"तपासणारच."

मित्रांनो, रेघ दिसली तर पाते जरूर तपासा, मला राग नाही. धारेला तेल लावा, कोरडे ठेवा. पण दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी हातातले फडकेही एकदा उजेडात झटका, एवढीच विनंती.

डबी आता दूरच्या घरी आहे. ताईंनी सगळ्याच पाकळ्या पाहिल्या होत्या ना, ही शंका मला खणात अजूनही येते.