रोहिणीच्या पत्रातला एक शब्द

दादाभाऊ सलग तिसऱ्या दिवशी आले तेव्हा मी नववीला कविता शिकवत होते, आणि खरं सांगते, माझं डोकंच फिरलं. सोमवारी आले, मंगळवारी आले, आज बुधवार. हा माणूस हाक मारत नाही, खोकत नाही. काठी भिंतीला टेकवतो आणि आपलं लक्ष जाईपर्यंत वर्गाच्या दारात नुसता उभा राहतो. पोरं खिदळायला लागली.

"आता काय राहिलं, दादाभाऊ?"

"त्येच, मॅडम. त्यो शब्द."

तो शब्द म्हणजे परसिस्टंट. अवसरीच्या या शाळेत मी एकोणीस वर्षं इंग्रजी शिकवतेय, पण एका विशेषणानं माझा एवढा जीव कधी खाल्ला नव्हता. दादाभाऊंची मुलगी रोहिणी यंदा दहावी झाली. तिला जनावरांच्या दवाखान्यातलं शिक्षण घ्यायचंय. पुण्यात एक संस्था गावाकडच्या मुलींना राहायला-जेवायला फुकट देते, पण आता तिथं एकच जागा उरलीय आणि शुक्रवारी मुलाखत आहे. जागा मिळाली तर पोरगी शिकणार, नाही तर आईबापासोबत मेंढ्यांमागे जाणार. त्या अर्जाला शाळेचं पत्र लागतं. ते मी लिहून दिलं होतं. रोहिणी ही परसिस्टंट विद्यार्थिनी आहे, खाली मुख्याध्यापकांची सही, गोल शिक्का. विषय संपला, असं मला वाटलं.

कसला संपतोय! सोमवारी हे गृहस्थ सांगत आले, "आळेफाट्याचा मेडिकलवाला म्हनला, ह्यो शब्द खोकल्याला लावत्यात. कितीबी औषिद द्या, जो जातच न्हाई त्या खोकल्याला." पोरीला काही रोग आहे असं मी लिहिलंय, अशी त्यांची समजूत. मंगळवारचा अख्खा मधला तास मी त्यांना समजावण्यात घालवला. जे थांबत नाही, सोडत नाही, पुन्हा पुन्हा येतं ते परसिस्टंट. खोकल्याला म्हटलं तर तक्रार, विक्रेत्याला म्हटलं तर शिवीच जवळजवळ, आणि विद्यार्थ्याला म्हटलं तर कौतुक. चिकाटीची मुलगी, असं लिहिलंय मी. (कोणाकोणाला अजून लावता येईल, ते माझ्या ओठांवर आलं होतं, पण गिळलं.)

"चिकाटीचं पटलं मला," आज ते म्हणाले. "पन फुडं काय लिवलंय? पोरगीनं वाचून दावलं. शाळंचा एक दिस बुडवला न्हाई म्हनं."

"बरं मग?"

"लई बुडवलेत की, मॅडम."

बुडवलेच होते. यांच्या मेंढ्या शेतकरी खतासाठी रानात बसवून घेतात. आज पारगावात मुक्काम, पंधरा दिवसांनी दुसऱ्याच शिवारात. जिथून एसटी मिळेल तिथून रोहिणी शाळेत यायची, नाही मिळाली तर नाही. खरी गोष्ट अशी, की ते पत्र मी सहा वर्षांपूर्वी सूरज नावाच्या एका मुलासाठी लिहिलं होतं. तो खरंच रोज यायचा. तेव्हापासून नाव बदलून सगळ्यांना तेच जातं. कोण वाचतंय?

"अहो, असंच लिहायची पद्धत असते," मी चिडून म्हटलं. "सगळ्यांना तसंच लिहितात."

"आसंल. पन तिथं इचारलं तर पोरगी खरं सांगनार. तिला खोटं येत न्हाई. मंग कागद खोटा, अन् कागद खोटा म्हंजी पोरगी खोटी."

वर्गाला धडा वाचायला लावून मी त्यांना शिक्षकांच्या खोलीत नेलं. "मग तुम्हीच सांगा. कुठं पाहिलीत तुम्ही तिची चिकाटी?"

त्यांनी काठी कोपऱ्यात उभी केली. मग म्हणाले, "संक्रांतीच्या टायमाला एक मेंढी पयल्यांदाच व्याली. आशी मेंढी कवाकवा कोकराला जवळ घेत न्हाई, लाथा मारती. मंग तिला धरून पाजावं लागतं. दिसातनं चार बार. आमी पाय बांधतो. रोहिणी म्हनली, बांधू नका, भेती ती. अकरा दिस हातानं धरली. पुस्तक मांडीवर, अन् मेंढी कवळ्यात."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मेंढ्या मंचरच्या रस्त्यावर आल्या होत्या आणि बायको सरुबाई एकटीच होती. "लिवून ठिवा, पोरीला धाडतो," म्हणत ते पळाले.

मी लिहिलं. मनापासून लिहिलं, अकरा दिवस, चार वेळा, पुस्तक, सगळं. शेवटी मात्र पत्र लोंबकळल्यासारखं वाटायला लागलं. पत्राचा शेवट गोड असावा, ही माझी जुनी खोड. म्हणून एक वाक्य घातलं: अखेर मेंढीनं पिल्लाला जवळ घेतलं आणि आज ते कळपात बागडत आहे. पाकीट चिकटवून रोहिणीच्या हातात दिलं.

शनिवारी सकाळी दादाभाऊ पुन्हा दारात. मी हातातला खडू फेकायचीच बाकी होते.

"आता काय?"

"त्यांनी पोरीला इचारलं, कोकराचं नाव काय ठिवलं? पोरगी म्हनली, त्ये मेलं."

"मेलं?"

"बाराव्या दिशी."

मी खुर्चीत बसले. "मेलं हे मला सांगायला काय झालं होतं हो तुम्हाला?"

"तुमी इचारलं न्हाई."

राग आधी त्यांचाच आला. मग माझा आला, आणि तो काही जाईना. "जागा गेली का?"

"सोमवारपातुर धरून ठिवलीय. पोरगी आवडली त्यास्नी. म्हनले, खरा कागद आना, मंग बघू."

मी कोरा कागद ओढला. या खेपेला मीच विचारलं, "कोकरू मेल्यावर रोहिणीनं काय केलं?"

"रडली. दोन दिस त्या मेंढीपशी बसून व्हती. तिसऱ्या दिशी शाळंत निघाली तर एसटी चुकली. मंग पारगावातनं चालत आली." ते समोरच्या बाकावर टेकले. फेटा काढून गुडघ्यावर ठेवला.

"मग?"

"मंग तुमी तिला उशीर झाला म्हनून वर्गाभायेर उभी केली. दोन तास. भायेरनं ऐकून वहीत लिवत व्हती म्हनं."

मला आठवेना. ओशाळून खूप आठवून पाहिलं, पण दाराबाहेर उभी असलेली मुलगी काही दिसेना. इतक्या जणांना उभं केलंय मी.

"खरंच असं झालं?"

"मी नव्हतो, मॅडम. तुमी व्हता."

मी जानेवारीचं हजेरीपुस्तक काढलं. दोन दिवस गैरहजर. तिसऱ्या दिवसापुढं लाल शाईत 'उशिरा', आणि खाली माझीच सही.

मी सगळं लिहिलं. कोकरू मेलं तेही, दोन तासही. मग दादाभाऊंना मराठीत मोठ्यानं वाचून दाखवलं, मुलीला बाहेर उभं करणाऱ्या बाईच्या नावासकट.