ट्रकमधला गारवा

विक्रोळीतली पत्र्याची खोली तापली, की नितेश आजारी वडिलांना आपल्या ट्रकच्या केबिनमध्ये एसी लावून झोपवायचा. आज एसीच बंद पडला. साबणाच्या फेसाने त्याने गळती शोधली आणि पाईप बदलला.

"व्हिडिओत बघितलंस ना? आधी पंपाने पाईपमधली हवा ओढून काढायची, नाहीतर कॉम्प्रेसर जाम होतो," बायको सुगंधा म्हणाली.

"पंप आणेपर्यंत बाबांचं काय होईल गं?"

त्याने तसाच गॅस भरला, बाबांना सीटवर निजवलं आणि एसी लावला.

गार.

अजून गार.

मग कॉम्प्रेसर किंचाळला आणि कायमचा जाम झाला. केबिनमध्ये गरम झळा यायला लागल्या.

"बरा वाटता रे झिला," मघाच्या गारव्याने गुंगीत गेलेले बाबा डोळे मिटूनच पुटपुटले. "आता बंद करू नको हां."

नितेशने झळा सोडणाऱ्या जाळीवर दोन्ही तळवे दाबून धरले.