हूं म्हणा की!

मी हुंकार बोलतोय. खरं तर बोलणं माझं काम नाही. दुसरं कुणी गोष्ट सांगत असलं, की ऐकणाऱ्याच्या तोंडून 'हूं' म्हणून बाहेर पडायचं, एवढाच माझा जन्म. अक्षर एक, पण मिजास केवढी! मी नसलो तर भलेभले सांगणारे अडतात.

माझी खरी चैन हिंगोलीकडच्या जवळा बाजार गावात, खतीजाबीच्या बांगड्यांच्या दुकानात. बांगडी भरताना अंगठ्याच्या हाडाशी अडली, की खतीजाबी गोष्ट काढायची. ऐकता ऐकता बाईचा हात सैल पडायचा आणि बांगडी आत. पण बाई 'हूं' म्हणायला विसरली, तर गोष्टही थांबायची आणि बांगडीही, नेमकी हाडावर.

"हुंकार न्हाई, तर गोष्ट न्हाई!" खतीजाबी म्हणायची. मग बाई कळवळून मला बोलवायची.

आईबरोबर येणारी पुसेगावची प्रियंका तर मला दमेपर्यंत राबवायची. पुढे ती मोठी झाली, कथा लिहू लागली. खतीजाबीची बेडकीची गोष्ट तिने आपल्या तऱ्हेने लिहिली आणि ती दिवाळी अंकात छापून आली. आता माझं पोट कसं चालणार, याची मला धास्तीच पडली. छापील कागदाला कोण 'हूं' म्हणतंय?

परवा ती अंक घेऊन दुकानात आली. खतीजाबीला रुचली नाही तर पुन्हा लिहायचं नाही, असं मनाशी ठरवूनच.

"चाची, तुमचीच गोष्ट हाय. थोडी मोडतोड केली. रागावू नका."

"वाच. अन् हात इकडं दे."

जुन्या गोष्टीत बेडकी राजाशी लगीन लावून राणी व्हायची. प्रियंकाच्या बेडकीने राजाला तोंडावर नाही म्हटलं आणि टुणकन उडी मारून हिंगोलीच्या जीपमध्ये जाऊन बसली.

बांगडी हाडावर थांबलेली. माझा तर पत्ताच नाही. प्रियंकाचा चेहरा उतरला. तिने अंक मिटला.

"काहून थांबली गं?" खतीजाबी कडाडली.

"तुमी हूं म्हणून न्हाई राहिल्या. मला वाटलं, आवडली न्हाई."

"अगं माय, ऐकून राहिले ना मी! हूं! हूं, हूं! सांग लवकर, जिपात बसून कुठं गेली बेडकी?"

जन्मभर ही गोष्ट सांगत आलेली बाई आज तिच्यातच पुढे काय झालं म्हणून विचारत होती! बांगडी सर्रकन आत गेली. प्रियंकाने डोळे पुसले आणि अंक उघडला. मला इतका आनंद झाला की काय सांगू!

आता छापील कागदाची मला भीती वाटत नाही. पण वाचकहो, तुम्ही मघापासून नुसतेच वाचताय. माझं पोट कशावर चालतं, ते सांगितलं ना? मग म्हणा की एकदा!