अठरावा वड

"पैला घाव खालून घाला, चांदभाई! खालून! वरून घातला तर सालटं निघंल पार बुडापर्यंत."

वडाच्या बुंध्याशी उभा राहून आसाराम ओरडत होता. वर फांदीवर टांग टाकून बसलेले चांदभाई हसले.

"डोकं भादरताना न्हाव्यालाबी इतकं कुनी सांगत न्हाई, आसारामभाऊ."

"न्हाव्याचं चुकलं तर केस पुन्यांदा येत्यात. ह्याचं तसं न्हाई."

आसाराम पाथर्डी रस्त्यावरचा मैलकुली. वाट्याला आलेल्या मैलाचे खड्डे बुजवायचे, चर साफ ठेवायचे आणि कडेची झाडं राखायची, एवढंच त्याचं आयुष्य. हे अठरा वड त्याने वीस वर्षांपूर्वी आपल्या हाताने रोवले होते. तीन उन्हाळे कावडीने पाणी घातलं, बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं, तेव्हा कुठे सावली धरली. आता बहात्तर साल कोरडं गेलं होतं. त्र्याहत्तरचा शिमगा उलटला तरी रानात गवताची काडी नव्हती. कडबा संपला, छपराचं पाचट संपलं, आणि मग माणसं कोयते घेऊन रस्त्यावर आली.

पलीकडच्या मैलावरच्या कुलीने डोळे मिटून घेतले. चार दिवसांत तिथली झाडं शेंड्यापर्यंत ओरबाडली गेली. आता ती जळक्या खांबांसारखी उभी होती, फुटायचं नाव नाही.

आसाराम मात्र कोयत्यांपुढे उभा राहिला होता. "पाला न्या, पन झाड मारू नका," म्हणाला. अठरा वड, अठरा घरं. रोज एक वड, एका घराचा नंबर. एकाच अंगाचा पाला काढायचा, शेंड्याला हात लावायचा नाही, घावावर शेणमाती लिंपायची. अठरा झाले की दुसऱ्या अंगाने पुन्हा पहिल्या नंबरापासून. साहेबाला कळलं असतं तर नोकरीच गेली असती. गावाने मात्र नंबर पाळले. आणि सरकारी माणूस आधी चरला, असं कुणी म्हणू नये म्हणून आसारामने आपलं नाव सगळ्यांच्या शेवटी घातलं.

चांदभाई खाली उतरले. दगड वाहायची त्यांची बैलगाडी, आणि त्या बैलांवर सात पोटं.

"भाऊ, एक ऐका. तुमची तांबू गाय बसलीय म्हनं, उठंना. आजचा पाला भाभीला घेऊन जाऊ द्या. तुमच्या नंबराला मी येतो."

आसारामने भाऱ्याकडे पाहिलं. हिरवा, चिकाने ओला भारा.

"न्हाई. आज तुमी-मी नंबर बदलला, उद्या दोगं बदलतील, परवा कोयतेच चालतील. तीन दिस तर ऱ्हायलेत."

"तीन दिस मानसाला कमी वाटत्यात," चांदभाई म्हणाले आणि भारा उचलून गेले.

घरी राहीबाई मिलो दळत होती. रेशनचं ते तांबडं धान्य जात्याखाली खरखरत होतं. नवरा दारात आलेला तिने पाहिला, पण मान वळवली नाही. ओवीचा सूर तेवढा चढवला:

"वाटंच्या रे वडा, तुझी सावली सरकारी
माझ्या तांबूच्या गं पाठी ऊन घालितं फेरी."

"मला ऐकवतीस व्हय?"

"तुमाला कशाला? वडाला सांगतीय." जातं थांबलं. "झाडं तुमची लेकरं, मग ही काय सवतीची हाय? चांदभाई देत हुते न्हवं? मला कळलंय समदं."

"राही, मी घेतला असता तर उंद्या कुन्या तोंडानं दुसऱ्याला आडवू?"

"तोंड!" ती म्हणाली. "हितं तिच्या तोंडात काडी न्हाई, अन् तुमी आपलं तोंड जपा."

गोठ्यात तांबू मान टाकून पडली होती. सकाळी चौघांनी पोटाखाली दांडा घालून तिला उभी केली, तर पाय वेळूसारखे थरथरले आणि ती पुन्हा खाली आली. गुरांची चारा-छावणी बारा मैलांवर. चालवत न्यावी तर चालणार कोण? आसाराम तिच्याजवळ बसला. तिने खरखरीत जिभेने त्याचा हात चाटला. हाताला वडाचा वास होता. ती चाटतच राहिली. मग त्याने हात काढून घेतला, कारण त्याला ते बघवेना.

सतराव्या वडाच्या दिवशी, दिवेलागणीला, तांबू गेली.

दुसऱ्या दिवशी आसाराम कोयता घेऊन अठराव्या वडाखाली आला. झाडाचं एकही पान कुणी तोडलेलं नव्हतं. खाली साळूबाई दोर घेऊन उभी होती. यादीतलं पहिलं नाव तिचं. आजचा दिवस सरला की तिचा नंबर.

"दाजी, मी नुसती बगायला आले हुते," ती ओशाळून म्हणाली. "आज तुमचा दिस हाय. मी उंद्या येते."

"पाला उंद्यापर्यंत थांबंल. तुजी म्हस थांबंल का?"

साळूबाईने पदर तोंडाला लावला. आसाराम वर चढला.

पहिला घाव खालून घातला. वरून दुसरा घालणार तोच गावाकडून गाडी येताना दिसली. जू ओढायचं बळ असलेली तेवढीच जोडी गावात उरली होती, म्हणून तांबूला माळावर न्यायला चांदभाईच आले होते. ते गाडीवर बसले नव्हते, कासरा धरून चालत होते. मागून राहीबाई. चाकाच्या प्रत्येक गचक्याला गाडीबाहेर आलेलं एक शिंग हलत होतं.

वडाखाली बैल थांबले आणि त्यांनी माना वर केल्या. चांदभाईंनी चाबूक उगारला नाही. बैलांच्या कानाशी हलकेच म्हणाले, "चलो बेटा, आज आपला नंबर न्हाई." बैल निघाले. आसाराम अर्धी तुटलेली फांदी छातीशी धरून बसला होता. गाडी सावलीबाहेर पडेपर्यंत त्याने ती सोडली नाही.

राहीबाई गाडीमागे पुढे गेली नाही. वडाखालीच थांबली. वर बघितलं नाही.

फांदी खाली आली, मग आणखी दोन. साळूबाई पाला गोळा करू लागली, तशी राहीबाईही वाकली. धुळीत पडलेलं पान न् पान तिने वेचलं, भारा आवळला आणि दोन्ही हातांनी उचलून साळूबाईच्या डोक्यावर दिला.

साळूबाई चालू लागली. बरीच लांब गेली, तरी राहीबाईचे हात तसेच वर होते.