रंगीत पडद्याचा पत्ता

प्रिंटएफ या नेहमीच्या आज्ञेने पडद्यावर लिहायचं म्हणजे अर्ज देऊन रांगेत उभं राहायचं. मी ते कधीच सोडलं. कॉम्प्युटरच्या मेमरीत पडद्याची म्हणून एक जागा असते, व्हिडिओ मेमरी. तिथे अक्षर टाकलं की थेट दिसतं, त्याच्या शेजारच्या खान्यात आकडा टाकला की अक्षराला रंग चढतो. मध्ये विचारणारं कोणी नाही. नववीच्या सुट्टीत हे मला जमलं, आणि मी अख्ख्या क्लाससमोर एका झटक्यात पडदा निळा करून दाखवला.

क्लास बोईसरला, एकनाथ सरांचा. सरांना एका केमिकल कंपनीला टाक्यांची तापमानं दाखवणारा प्रोग्राम करून द्यायचा होता. त्यांच्या प्रोग्राममध्ये आकडे बदलताना बघणाऱ्याला जांभई यायची. मग पडद्याचा सगळा भाग मीच सी भाषेत लिहिला.

"कंपनीने घेतला तर दहावीनंतर तुला इथे शिकवायला ठेवतो, लता," सर म्हणाले. "पक्कं."

घिवलीला घरी आले तेव्हा आई बोंबील वाळत घालत होती.

"शिकवायला? म्हंजे तू बाई होनार?"

"कॉम्प्युटरची बाई."

"आनि मासळी कोन विकंल?"

"तू हायस की."

ती हसली. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला कळलं होतं.

प्रोग्राम दाखवायला सर मला कंपनीत घेऊन गेले. तिथल्या साहेबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "ये कौन?"

"स्टुडंट है. देखने आयी है," सर म्हणाले. "प्रोग्राम मैंने बनाया."

म्हणू देत, मला वाटलं. शिकवायचं पक्कं होतं ना.

तिथला पडदा हिरव्या अक्षरांचा, एकरंगी. सरांनी फ्लॉपी घातली, प्रोग्राम चालवला. काहीच आलं नाही. चूक झाल्याचा संदेशही नाही. नुसता कर्सर लुकलुकत होता.

"कुछ दिखता तो नहीं," साहेब म्हणाले.

सरांनी पुन्हा चालवला. मग म्हणाले, "स्क्रीनवाला हिस्सा इस लडकी ने किया है."

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं. एकरंगी पडद्याची मेमरी वेगळ्या पत्त्यावर असते. मी लिहिला होता रंगीत पडद्याचा पत्ता. माझे आकडे जात होते, पण जिथे पडदाच नाही अशा ठिकाणी. सरांनी हा पडदा आधी पाहिला होता. मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

"सर, पत्त्यात आठाच्या जागी शून्य टाकायचं. मी टाकू?"

"हात लावू नकोस."

आठवड्याने क्लासला गेले तर सर खुशीत. कंपनीने प्रोग्राम घेतला होता.

"ते शून्य टाकलं. चालला."

"मग माझं शिकवायचं?"

"साहेबांसमोर तुझी चूक झाली ना, लता. बोईसर केवढंसं. उद्या पोरांचे आईबाप मलाच विचारतील, हिला शिकवायला का ठेवलं." ते आत गेले.

माझ्या नेहमीच्या मशीनवर पंढरी बसला होता, सरांचा भाचा. बारावीला दोनदा नापास झालेला. जूनपासून तोच शिकवणार होता.

"ए लता, हे शून्य इथे कशाला गं?"

"मामांना विचार. त्यांनीच टाकलंय."

"विचारलं. तुझ्याकडून समजून घे म्हणाले."

मला सांगायचं नव्हतं. पण तो भलत्याच ओळीवर बोट ठेवून बसला होता, आणि माझाच प्रोग्राम असा चुकीचा वाचलेला मला बघवेना. मी त्याचं बोट उचलून योग्य ओळीवर ठेवलं.