उजव्या हाताची भिंत

२००१ सालच्या मे महिन्यात, एका रविवारी संध्याकाळी, मी आमच्या बिल्डिंगचे दोन मजले कोणी न उचलता उतरलो. पडलो नाही. खाली पोचलो.

हे आधीच सांगून टाकलं, पण आमच्या सोसायटीच्या मते हे घडलेलंच नाही, आणि मला सोसायटीत राहायचं आहे. तेव्हा वरची वाक्यं तुम्ही वाचलेली नाहीत. मी अजून दुसऱ्या मजल्यावर आहे. गॅलरीत उभा आहे. पाणी अजून आलेलं नाही.

माझं नाव चेतन. तेव्हा मी सहावीत होतो. मला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, त्यातली स्पॅस्टिक प्रकारची. म्हणजे माझं डोकं आणि माझे पाय एकमेकांशी बोलतात, पण संबंध ताणलेले आहेत. डोक्याने ‘जरा वाक’ असा निरोप धाडला की पायांपर्यंत तो ‘सावधान!’ होऊन पोचतो. कुकरची शिट्टी झाली, कोणी दार आपटलं, की मी राष्ट्रगीताला उभं राहावं तसा जागच्या जागी ताठ. गुडघे एकमेकांना चिकटतात, टाचा वर उचलल्या जातात आणि मग त्यांची समजूत काढत बसावं लागतं. हसलो तरी तेच. हसण्याचं तर जास्तच अवघड, कारण कुकर निदान स्वयंपाकघरात असतो.

फिजिओथेरपीसाठी अक्षताताई घरी यायच्या. माझ्या पोटऱ्या ताणता ताणता त्या आईशी साड्यांच्या सेलबद्दल बोलायच्या, आणि मी ओरडलो तर म्हणायच्या, “ओरड, ओरड, पण श्वास सोड.” त्यांचा एकच कडक नियम होता. “जिन्यात हसायचं नाही. जेवताना हस, परीक्षेत हस. जिन्यात नाही.”

याचा सराव म्हणून बाबा मला पाटावर उभं करून विनोद सांगायचे. बाबा टेलिफोन खात्यात. त्यांचे विनोदही त्या काळातल्या फोनसारखेच होते. नंबर लावून वाट बघावी लागे. पण त्याने काही होत नव्हतं. मला विनोदाने हसू येतच नाही. मला हसू येतं ते माणसं गंभीर झाली की. आणि आम्ही राहत होतो विश्रांतवाडीतल्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत.

अक्षताताईंनी मला एक उभं राहायची चौकट करून घ्यायला लावली होती. लाकडी, छातीला पट्टा, कमरेला पट्टा, गुडघ्यांना पट्टा. कमरेची हाडं नीट बसावीत आणि पाय आखडू नयेत म्हणून रोज संध्याकाळी तिच्यात उभं राहायचं. आई म्हणाली, “भिंतीकडे बघून पोर कंटाळेल,” आणि तिने चौकट गॅलरीत नेऊन ठेवली. इथे घोटाळा झाला. कारण आमच्या गॅलरीतून सोसायटीचा पाण्याचा मीटर दिसतो, आळंदी रस्त्याचं वळण दिसतं, आणि रोज ठरलेल्या वेळी हलू न शकणारा माणूस सोसायटीला तोपर्यंत मिळालेला नव्हता.

पहिली हाक अध्यक्षांची. पोंक्षेकाका, समोरच्या फ्लॅटमधले, सरकारी हिशेब खात्यातून निवृत्त. “चेतन, तू उभाच आहेस, तर मीटरचा काटा फिरायला लागला की आवाज दे. मोटर लावायची असते.” मी दिला. मग पहिल्या मजल्यावरचा आमोद आला. आमोद सॉफ्टवेअरमध्ये होता. २००० साली कॉम्प्युटरच्या तारखा चुकून जग बुडू नये म्हणून अमेरिकेत जाऊन बसून आला होता. त्याची संध्याकाळच्या पाळीची कंपनीची बस वळणावर दिसली की मी ओरडायचं, म्हणजे त्याला चहा शेवटच्या घोटापर्यंत पिता येई. मग भाजीची गाडी, इस्त्रीवाला, कोणाचा जावई. महिनाभरात मी सोसायटीची चौकशी खिडकी झालो. ताप आला म्हणून एकदा उभा राहिलो नाही, तर पोंक्षेकाका थर्मामीटर घेऊन घरी आले. आईला गहिवरून आलं. त्यांनी ताप बघितला आणि म्हणाले, “उद्यापर्यंत उतरेल ना? उद्या टँकर आहे.”

उतरण्यावरून आठवलं. मला खाली न्यायचं काम बाबांचं होतं. ते मला खांद्यावर सिलिंडरसारखं घ्यायचे. आमच्याकडे लिफ्ट नाही. देशाचं उदारीकरण झालं तेव्हापासून विषयपत्रिकेवर आहे. मी वाढत गेलो, भरलेला सिलिंडर झालो, आणि त्या मार्चमध्ये बाबांची पाठ गेली. डॉक्टर म्हणाले, “सुखदेवराव, यापुढे वजन बंद.”

बाबांचे मोठे भाऊ सोनबाकाका लोणी काळभोरला असतात. त्यांचा लगेच फोन. “इकडं या की. हितं जिना कुठं हाय? समदं घर जमिनीवरच हाय.” घर खरंच छान आहे. पण तिथे अक्षताताई नाहीत, माझी शाळा नाही, आणि पार्किंगमधलं क्रिकेट नाही. मी खेळत नव्हतो, पण तिथे एक अंपायर होता, मला त्याला रोज शिव्या द्यायच्या असायच्या. दुसऱ्या मजल्यावरून दिलेली शिवी खाली पोचेपर्यंत थंड होते.

शेवटी घरात ठरलं. शाळा सुरू व्हायच्या आत मला स्वतः उतरता आलं तर इथेच. नाही तर लोणी. ठरवताना बाबा बाबासाहेबांच्या फोटोकडे बघत होते आणि आई बाबांच्या पाठीकडे.

चढणं मला जमत होतं. हळू, पण जमत होतं. कारण चढताना जिन्याचं रेलिंग उजव्या हाताला येतं, आणि माझा चांगला हात उजवा. उतरताना तेच रेलिंग डाव्या हाताला जातं. डावा हात पकडतो, पण सोडायचं कधी हे त्याचं तो ठरवतो. उजव्या हाताला नुसती भिंत. म्हणून बाबा अध्यक्षांकडे गेले. मीही गेलो, वॉकर घेऊन.

“भिंतीच्या बाजूलाही एक रेलिंग बसवू या,” बाबा म्हणाले. “खर्च मी करतो.”

पोंक्षेकाकांनी चष्मा काढला. “खर्चाचा प्रश्न नाही हो. दिवाळीतच रंग दिलाय. पिस्ता.”

“रंगाला काय होतंय?”

“रेलिंग बसवलं की लोक धरतील.”

“त्यासाठीच असतं ना ते?”

“तेच म्हणतोय मी. धरलं की हात भिंतीला लागणार. हात लागला की भिंत मळणार. आणि एकदा धरायची सवय लागली की लोक सगळंच धरायला लागतात.”

माझे गुडघे एकमेकांना भेटले. बाबांनी मला कॉलरने धरलं.

“बघा,” पोंक्षेकाकूंनी आतून आवाज दिला, “पोराला उभं राहवत नाहीये तुमचं बोलणं ऐकून.” काकूंचं नाव मंदाकिनी. सोसायटीत काकांना ऐकवू शकणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

रेलिंग नाही ते नाहीच. पण बातमी पसरली, आणि लोक हादरले. मी जाईन म्हणून नाही. उतरायला शिकेन म्हणून. “हा रोज खाली जायला लागला तर पाणी कोण बघणार?” अशी चर्चा जिन्यात सुरू झाली. कोणी म्हणालं वॉचमनला सांगा. “वॉचमनला बसून दिसत नाही,” पोंक्षेकाका म्हणाले, “आणि तो उभा राहत नाही.” आमोद तर वही घेऊन आमच्याकडे आला.

“चेतन, तू सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर आहेस. तू बंद पडलास की सगळंच बंद.”

“थँक्यू.”

“नॉलेज ट्रान्सफर करून घेतलं पाहिजे. सांग, बस ओळखतोस कशी?”

“वळते आणि पुढे लिहिलेलं असतं, तुमच्या कंपनीचं नाव.”

त्याने ते लिहून घेतलं. खाली रेघ मारली. मी पलंगावर होतो म्हणून निभावलं.

दोन महिने घरात पाट, मग दोन पाट, मग जिन्याच्या वरच्या चार पायऱ्या. अक्षताताई माझ्या खालच्या पायरीवर उलट्या उभ्या राहायच्या. “आधी कमकुवत पाय खाली. मग दुसरा. घाई कोणाला आहे?” घाई सगळ्यांना होती, पण जिन्यात अडकून ते माझ्या मागे उभे असायचे.

शेवटी परीक्षेचा रविवार आला. अक्षताताईंनी स्पष्ट सांगितलं होतं की गर्दी नको. पोंक्षेकाकांनी त्याचा अर्थ शिस्तबद्ध गर्दी हवी असा घेतला. मी पायांत आधाराचे स्प्लिंट चढवून दाराबाहेर आलो, तर जिन्याच्या भिंतीलगत खालपर्यंत सभासद उभे. त्यांना सक्त ताकीद होती: मुलाला हसवायचं नाही. त्यामुळे सगळे शोकसभेचे चेहरे करून, हात मागे बांधून, जमिनीकडे बघत होते. पोंक्षेकाका ओठांवर बोट ठेवून सर्वांत पुढे.

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. स्प्लिंटकडे बघितलं. कमकुवत पाय खाली. मग दुसरा. डावा हात रेलिंगवर, उजव्या हाताने हवा धरलेली. पुढे उतरत जाणाऱ्या अक्षताताई आणि पोंक्षेकाका, मागून आई, कमरेला पट्टा बांधलेले बाबा. एक मजला उतरलो. कोणी खोकलंही नाही. एका काकांच्या खिशातला नवा मोबाइल वाजला, तो त्यांनी तोंडात घालावा तसा शर्टात कोंबला. मी बाबांचा एक विनोद आठवला. निभावलं.

मग पहिल्या मजल्याचं वळण आलं, आणि तिथे आमोद उभा होता. हेल्मेट घालून.

पुण्यात हेल्मेट घातलेला माणूस मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो, आणि तो पायी होता, जिन्यात होता.

“आमोददादा,” मी म्हणालो, “हे काय?”

काच वर करून तो अत्यंत गंभीरपणे म्हणाला, “तू पडलास तर माझ्यावर पडशील. मी बॅकअप आहे.” आणि काच खाली केली.

झालं. हसू पोटातून आलं आणि सरळ पायांत गेलं. दोन्ही पाय ताठ, टाचा वर, गुडघे चिकटलेले. डाव्या हाताने रेलिंग सोडायचं ठरवलं. मी उजवीकडे, भिंतीकडे कलंडायला लागलो.

“चेतन!” बाबा पुढे झाले, खांदा वाकवून.

“अहो, पाठ!” आई ओरडली.

“कोणीही उचलायचं नाही!” अक्षताताई.

आणि या सगळ्यांच्या वर पोंक्षेकाकांचा आवाज: “भिंतीला हात नको!” त्यांनी झेप घेतली आणि माझा पंजा आणि पिस्ता रंग यांच्या मधे स्वतःचा हात आडवा घातला. “इथे धर! माझा मळला तर धुता येतो!”

मी धरला. उजव्या हाताला तो बरोबर उंचीवर होता. किंचित केसाळ, घड्याळ असलेला, पण पक्का. मी श्वास सोडला. पाय हळूहळू, मोठे उपकार केल्यासारखे, ढिले झाले.

“कमकुवत पाय खाली,” अक्षताताई म्हणाल्या.

पुढच्या पायरीला काकांचा हात संपला. “बघता काय?” ते गरजले. “हात आडवे घाला! रंग जाईल!” मग पुढच्या माणसाने हात आडवा केला, मग त्याच्या पुढच्याने. मंदाकिनीकाकूंच्या हाताला बांगड्या होत्या. तिथे जरा अडथळा होता. सबंध सोसायटी स्वतःच्या भिंतीपासून मला वाचवत, माफ करा, माझ्यापासून भिंत वाचवत खालपर्यंत उभी राहिली, आणि मी एकेक हात मागे टाकत पार्किंगमध्ये पोचलो.

मुलांनी खेळ थांबवला. मी आईने खाली आणलेला वॉकर धरला, अंपायरजवळ गेलो आणि मार्चपासून साठवलेलं सगळं त्याला ताजं ताजं ऐकवलं.

“माणसांना धरून उतरला,” पोंक्षेकाका अक्षताताईंना म्हणाले, “हे एकट्याने उतरणं धरायचं का?”

“रेलिंग धरून उतरला,” अक्षताताई म्हणाल्या. “रेलिंगला घड्याळ होतं, एवढंच. पास.”

बाबा खालच्या पायरीवर बसले आणि बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिले. त्यांनी चपला घातल्या होत्या.

इतक्यात वर गेलेल्या मंदाकिनीकाकू कठड्यावरून ओरडल्या, “अहो! पाणी येऊन गेलं!”

सगळ्यांनी वर बघितलं. गॅलरीत चौकट उभी होती, रिकामी, पट्टे लोंबत असलेली.

पोंक्षेकाकांनी घसा साफ केला. “सभासदहो, आज इथे काहीही घडलेलं नाही. घडलं म्हटलं तर पाणी कोणामुळे गेलं हा प्रश्न येतो. शिवाय भिंतीला आधार लागतो असा अर्थ निघतो, म्हणजे रेलिंग आलं.”

“पण मी पास केलंय त्याला,” अक्षताताई म्हणाल्या.

“तुम्ही सभासद नाही.”

रात्री बाबांनी लोणीला फोन केला. “नाही येत दादा. पोरगं उतरलं.” पलीकडून सोनबाकाकांचा आवाज खोलीभर ऐकू आला: “उतरलं? लई भारी! मग दाखवायला आण की. पर हितं उतरायला काय न्हाई बघ.”

आता मुद्दा असा की उतरायचं एकदाच नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळ पुन्हा होती. म्हणून मी बाबांकडून मायना शिकून सोसायटीला अर्ज दिला, तो असा:

मा. अध्यक्ष यांस,

विषय: जिन्यातील भिंतीबाबत.

महोदय, सदर अर्जदार दिनांक शून्य रोजी दोन मजले उतरलेला नाही, हे संस्थेचे म्हणणे अर्जदारास मान्य आहे. तथापि त्यास यापुढे रोज उतरावयाचे आहे. तरी उजव्या बाजूस रेलिंग बसविण्यात यावे. ते शक्य नसल्यास सर्व सभासदांनी दररोज सायंकाळी, पाणी येण्याच्या वेळा वगळून, भिंतीलगत आपापला उजवा अथवा डावा हात आडवा धरून उभे राहावे, आणि उभे असेपर्यंत कोणीही, कोणत्याही कारणास्तव, गंभीर होऊ नये, ही नम्र विनंती.